मागं कोणी न्हाई

ही गोष्ट अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. तशा माझ्या तोंडून फार गोष्टी बाहेर पडतच नाहीत — म्हणून एक आत राहिली, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. नवऱ्याला ठाऊक नाही. मुलीला नाही. वहीत लिहिते आहे, कारण लिहिताना समोर कुणी बघत नसतं. तुम्ही वाचाल तेव्हा मला तुमचा चेहरा दिसणार नाही. तेवढं मला सोपं जाईल.

माझं शिक्षण चौथी. अक्षर बरं आहे, पण लिहायची सवय किराणा सामानाच्या यादीपुरती. तरी आज सगळं लिहून काढणार आहे. का आजच, ते शेवटी येईल.

आधी सायकलीचं सांगते. ते सांगताना मला लाज वाटत नाही.

आम्ही राजुरीच्या शिवारातल्या एका वाडीत राहतो. मुलीला शाळेतून सायकल मिळाली होती. ती शिकायला बाहेर गेली आणि सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकून राहिली. एकेचाळिसाव्या वर्षी मी ती बाहेर काढली. माझ्या माहेरी भावाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. लहानपणी मी तिथं पाने-पकडी पुसत बसायचे, त्यामुळे सायकल उघडणं, जोडणं, पंक्चर काढणं, चेन बसवणं, सगळं मला येत होतं. फक्त चालवता येत नव्हती! पोरीला कोण देणार चालवायला? तर ते मी एकेचाळिसाव्या वर्षी शिकले, बांधाच्या रस्त्यावर, भल्या सकाळी. महिन्याभरात चांगली चालवायला लागले. आज मी शेहेचाळीस वर्षांची आहे आणि कुठलाही चढ मी खाली न उतरता चढते. ही बढाई नाही. येतं ते येतं.

आळेफाट्यावर चंदनबाईंचं कापडाचं दुकान आहे. त्यांच्या घरचे फार पूर्वी मारवाडातून आले. बाई आमच्यासारखंच मराठी बोलतात, आमच्यापेक्षा जरा स्वच्छ. गुडघ्यासाठी त्यांना डॉक्टरनं सायकल चालवायला सांगितली. एकटीनं रस्त्यावर निघायचा संकोच वाटला, म्हणून दुकानात येणाऱ्या बायकांना त्या विचारत सुटल्या — येतेस का, येतेस का? असं करत करत आम्ही बावीसजणी झालो. रविवारी फाट्यापासून ओझरपर्यंत जायचं, विघ्नहराचं दर्शन घ्यायचं, परत. मग एका वर्षी बाई म्हणाल्या, "बायांनो, आता लांब जायचं. पाच दिवस. जुन्नर, घोडेगाव, भीमाशंकर. दिवाळी झाल्यावर, कांद्याच्या लागणी सुरू व्हायच्या आत."

आणि आम्ही गेलो. मोठ्या सफरीचं ते पहिलं वर्ष.

निघायच्या सकाळी बाईंनी सगळ्यांना दुकानासमोर उभं केलं आणि बोटानं मोजायला लागल्या. एक, दोन, तीन — तेवढ्यात कोंडाआत्या ओरडल्या. कोंडाआत्या आमच्यात सगळ्यांत वडीलधाऱ्या.

"अगं बया, थांबव ते बोट! शेळ्या मोजत्यात. माणसं मोजू नायेत, नजर लागती."

"आत्या, मोजल्याशिवाय मला कळणार कसं कुणी राहिलं का?"

"ते तुझं तू बघ. पर मला मोजायचं न्हाई."

मग आणखी दोघी-तिघी आत्यांच्या बाजूनं बोलल्या. बाईंनी बोट खाली घेतलं. त्यांनी तिथल्या तिथं दुसरी रीत काढली. दुकानातून लाल कापडाचा एक तुकडा फाडून आणला आणि माझ्या सायकलच्या कॅरियरला बांधला.

"सुमन सगळ्यांच्या शेवटी राहील. कुणाची चेन पडली, पंक्चर झालं, तर ती मागून येऊन करून देईल. तिनं कुणाच्या पुढं जायचं नाही. आणि जिथं आपण थांबू तिथं ती पोचली की मी विचारीन. ती म्हणेल, मागं कोणी नाही. मगच सगळ्यांनी पुढं निघायचं. मोजायचं कामच नाही."

अशी माझ्या वाट्याला एक जागा आली आणि एक वाक्य आलं. चारचौघींत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही हे बाईंना ठाऊक होतं. एक वाक्य मला जमेल असं त्यांना वाटलं. आणि खरंच जमलं. ओझरला मी पोचले, बाईंनी विचारलं, "मागं?" आणि मी म्हणाले, "मागं कोणी न्हाई." सगळ्या उठल्या. माझ्या बोलण्यावर बावीस सायकली हलल्या! मला किती बरं वाटलं, ते तुम्हाला कसं सांगू?

आता ठकू.

ठकूबाई आमच्याच वाडीतली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. तिचं माहेर वर डोंगराकडचं, आंबेगाव तालुक्यातलं. तिथं भात आणि नाचणी पिकते. ते गाव डिंभ्याच्या धरणात गेलं. तिची सायकल नवऱ्याची, जुनी, दांडीची. साडीचा काष्टा मारून ती त्या दांडीवरून टांग टाकायची तेव्हा फाट्यावरची माणसं बघत राहायची. सगळ्यांत हळू तीच. आणि सगळ्यांत जास्त बोलणारीही तीच.

म्हणजे पाच दिवस माझ्यापुढं कायम ठकूची पाठ. तिच्या मागच्या मडगार्डला एक पोचा होता, वाटाण्याएवढा. डोळे मिटले तरी अजून तो दिसतो. चढावर ती पायडल मारता मारता मागं बघून बोलायची. "सुमे, जित्ती हायस का? हूं तरी म्हण!" मी हूं म्हणायची. रस्त्यात कुणी विचारलं तर उत्तर तिचंच. जुन्नर सोडताना टपरीवरचा एकजण ओरडला, "काय राव, एवढ्या बाया! दळान आणायला निघाल्या काय?" ठकू म्हणाली, "न्हाई भाऊ, तुमच्या सासूबाईनं सांगावा धाडलाय, तिला भेटायला निघालोय. काय सांगू तुमचं?" टपरीवर हशा पिकला. मीसुद्धा हसले. हे सांगायला हवं — मला ती आवडायची. नावडत्या माणसाशी कुणी वाईट वागलं तर त्यात नवल काय?

पहिले दोन दिवस मांड्या भरून आल्या. जुन्नरहून घोडेगावकडे येताना डोंगर ओलांडायचा होता, त्यात समोरून वारा. निम्म्या जणी उतरून चालल्या. दोघींचं एकमेकींशी पाण्याच्या बाटलीवरून वाजलं, रात्रीपर्यंत त्या बोलल्या नाहीत आणि सकाळी एकीनं दुसरीची वेणी घातली. मी तीन पंक्चर काढली. तिसऱ्या दिवशी भीमाशंकरचा चढ. तो दिवस मी विसरणार नाही. वर पोचल्यावर कोंडाआत्या सायकल आडवी टाकून रस्त्यातच बसल्या आणि रडायला लागल्या. विचारलं तर म्हणाल्या, "दुखत न्हाई गं. आले न्हवं मी? माझ्या पायानं आले."

त्या संध्याकाळी सगळ्या खुशीत. धर्मशाळेच्या ओट्यावर गप्पा चालू होत्या. ठकूनं पदर डोक्यावरून घेतला, मान खाली घातली, आवाज बारीक केला आणि माझी नक्कल केली. "मागं कोणी न्हाई. म्होरं कोणी न्हाई. सुमन एकलीच हाय." सगळ्या हसून लोळल्या. बाईसुद्धा. मीही हसले, तोंडावर हात ठेवून.

राग आला होता का? आला होता. त्या संध्याकाळपर्यंत ते वाक्य माझं होतं. पण दुसऱ्या दिवशी मी जे केलं ते रागानं केलं, असं मी लिहिणार नाही. ते सोयीचं होईल. चार वर्षं मी स्वतःला तेच सांगत आले — कधी राग, कधी दमणूक, कधी घाई. आता वहीत लिहिताना कळतं की यातलं एकही पुरं खरं नाही.

चौथा दिवस. दर्शनाला रांग मोठी होती. निघायलाच उशीर झाला. आणि बाईंचं जेवण सूर्य बुडायच्या आत व्हावं लागतं — नंतर त्या पाण्याचा घोटही घेत नाहीत. त्या स्वतः कधी बोलून दाखवत नसत, पण आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं, म्हणून मुक्कामाला उजेडात पोचायचं हा आमचा नेम होता. त्या दिवशी सगळ्या भराभर सुटल्या. सोबत घेतलेला टेम्पो सामान आणि स्वयंपाकाची भांडी घेऊन आधीच घोडेगावला गेला होता. पिशव्या त्यात, बहुतेकींचे फोन त्या पिशव्यांत.

वरचा घाट उतरून आम्ही तळेघरच्या पुढं आलो. तिथून रस्ता वळणावळणानं उतरतो आणि डाव्या-उजव्या हाताला धरणाचं पाणी दिसत राहतं. सगळ्या पुढं निघून गेल्या होत्या. मागं आम्ही दोघी. ठकू पुढं, मी मागं. ठकू उतारावरही ब्रेक दाबून चालवायची. मीही दाबून. चार दिवस मी ब्रेक दाबूनच चालवत होते, कारण मला कुणाच्या पुढं जायचं नव्हतं.

एका वळणावर खट्ट आवाज झाला आणि ठकू कडेला थांबली.

"सुमेऽऽ, चेन पडली गं!"

ती वाकली होती. चेन तिच्या हातात लोंबत होती. तिनं वर बघितलं. मी तिच्यापासून चार हातांवर होते. ब्रेकवर बोटं होती माझी. दाबलेलीच होती. मला फक्त ती तशीच ठेवायची होती.

मी बोटं उचलली.

"थांब गं," असं ती म्हणाली. मी ऐकलं. तिच्या डोळ्यांत बघितलं आणि तिच्या शेजारून पुढं गेले.

मग उतार. समोर कुणाचीही पाठ नाही, मडगार्ड नाही, पोचा नाही. रस्ता, पाणी आणि वारा. पदर सुटून मागं फडफडत होता. मी पायडलसुद्धा मारत नव्हते, सायकल आपोआप पळत होती. आणि मला — हे लिहायला हात अडतो — मला फार चांगलं वाटलं. आयुष्यात तेवढं चांगलं मला मोजक्या वेळा वाटलं आहे. मागं एक बाई एकटी चेन हातात घेऊन उभी आहे, हे मला क्षणभरही विसरायला झालं नाही. ते ठाऊक असूनही चांगलं वाटलं.

चेन बसवायला मला दोन मिनिटं लागतात. तिला बसवता येत नव्हती. त्यासाठीच तर मला शेवटी ठेवलं होतं.

उतार संपला. वाटलं, आता थांबावं. पाच मिनिटं थांबावं, येईल ढकलत. थांबले नाही. पुढं छोटा चढ लागला, तिथंही मागं वळता आलं असतं. डिंभ्याच्या फाट्यावर चहाची टपरी होती. बाई आणि पाच-सहाजणी माझ्यासाठी खोळंबल्या होत्या, बाकीच्यांना बाईंनी पुढं पाठवलं होतं. बाई सूर्याकडं बघत होत्या. तो डोंगराच्या वर हातभर उरला होता.

मी पोचले. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "मागं?"

आणि मी म्हणाले, "मागं कोणी न्हाई."

सवयीनं निघालं का ते? चार दिवस तेच म्हणत होते, जिभेवर बसलं होतं, आपोआप निघालं — असं मी कितीदा म्हणून पाहिलं आहे! नाही. मी विचार करून बोलले. ठकू मागं आहे असं म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता — मग तू पुढं कशी? लाल फडकं पुढं आणि माणूस मागं, हे कसं? ते मला त्या टपरीवर, पाच-सहाजणींसमोर, तोंडानं सांगावं लागलं असतं. म्हणून.

बाईंना वाटलं, ठकू पुढच्या जणींबरोबर गेली असेल. त्यांनी विचारलंसुद्धा नाही. माझं वाक्य झालं की त्या दुसरं काही विचारत नसत.

तिथून घोडेगाव दहा किलोमीटर तरी असेल. त्या दहा किलोमीटरमध्ये बाई माझ्या शेजारून चालवत होत्या. तोंड उघडायला कितीदा वाव होता, हे मी आता सांगत बसत नाही. मी एकदा खोटं बोलले असं नाही, तर घोडेगाव येईपर्यंत बोलत राहिले — गप्प राहून.

मुक्काम एका मंगल कार्यालयात होता. माणसं मोजायची नाहीत, पण पत्रावळी मोजायला कोंडाआत्यांची हरकत नव्हती. बाई स्वतः मोजून पत्रावळी मांडायच्या. बावीस मांडल्या. ऊन भिंतीच्या वरच्या टोकाला गेलं होतं. सगळ्या बसल्या. वाढून झालं. बाईंनी घास उचलला, आणि माझ्या शेजारची पत्रावळ त्यांना तशीच पडलेली दिसली. भात वाढलेला, वरण वाढलेलं, समोर कुणी नाही.

"ही कुणाची?"

सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. कोंडाआत्या म्हणाल्या, "ठकी कुठाय?"

बाईंनी घास खाली ठेवला. हात धुतला. "ती कुणाबरोबर होती?" कुणाबरोबरच नव्हती. मग त्या माझ्याकडं वळल्या. "सुमन, तुझ्या पुढं होती ना?"

मी हो म्हणून मान हलवली.

"मग मध्येच कुठं वळली की काय ही? चल माझ्याबरोबर. शेवटी कुठं दिसली ते तू दाखव."

आम्ही टेम्पोत बसलो. ड्रायव्हर, बाई आणि मी. बाहेर अंधारायला लागलं होतं. आमच्याकडं उसात बिबट्या असतो, हे आम्ही बोलतो तेही सवयीनं, जसं कुणी म्हणावं की गल्लीत कुत्री आहेत. त्या दिवशी ड्रायव्हर म्हणाला, "बाई, परवाच ह्या रस्त्याला वासरू नेलंय." पाण्याची बाटली बाईंच्या मांडीवर होती. त्यांनी ती बाजूला ठेवून दिली. सूर्य बुडाला होता.

डिंभ्याचा फाटा मागं पडला. पुढच्या चढाला ड्रायव्हरनं गाडी हळू केली आणि घंटी ऐकू आली. सायकलची घंटी. सारखी वाजत होती, न थांबता. मग दिव्याच्या उजेडात ठकू दिसली. एका हातानं सायकल ढकलत होती, दुसऱ्या हातानं घंटी वाजवत होती. चपलेचा अंगठा तुटलेला, चप्पल हँडलला अडकवलेली. हात कोपरापर्यंत काळे. चेन बसवायचा तिनं किती प्रयत्न केला असेल ते त्या हातांवर दिसत होतं.

बाई उतरल्या. आधी तिला मिठी मारली आणि मग ओरडल्या. "कुठं होतीस तू? सुमन म्हणाली मागं कोणी नाही! कुठं वळलीस तू?"

ठकूनं माझ्याकडं बघितलं. मी टेम्पोतून उतरलेही नव्हते. आता बोलेल, असं मला वाटलं. तिला बोलता येत होतं. माझ्यासारखं नव्हतं तिचं.

ठकू म्हणाली, "माझं गाव हाय न्हवं पान्याखाली, ते बघाया खाली उतरले व्हते. ध्यानच ऱ्हायलं न्हाई. सुमीला सांगितलं न्हाई मी. तिची काय चूक न्हाई."

तिथून पाणी दिसतही नव्हतं त्या उजेडात.

परत येताना बाई पुढं बसल्या. मी आणि ठकू मागं, सायकलीसोबत. मी तिथं खाली बसून चेन बसवली. हलत्या टेम्पोत, अंधारात, हातानं चाचपडून. दोन मिनिटं. पायडल फिरवून बघितलं, चाक फिरलं.

ठकू माझ्या कानाशी वाकली. ती रागावलेली नव्हती. म्हणजे मला तसं वाटलं नाही. ती हसत होती, दमल्यासारखी.

"सुमे, लाल फडकं म्होरं जाताना मी पयल्यांदा बघितलं." मग म्हणाली, "तुला सारं मिळून एक वाक्य येतं. त्ये पन खोटं निघालं व्हय गं?"

मी पायडल अजून एकदा फिरवलं. तिनं पुन्हा कधी तो विषय काढला नाही. त्या दिवशी नाही, चार वर्षांत नाही. विहिरीवर भेटते, लग्नात भेटते, हळदीकुंकवाला माझ्या कपाळाला बोट लावते. का झाकलं तिनं? मी विचारलेलं नाही. विचारलं तर आधी मला बोलावं लागलं असतं.

बाईंनी त्या रात्री काही खाल्लं नाही. पाणी नाही, काही नाही. ठकूची पत्रावळ झाकून ठेवली होती, ती तिनं खाल्ली. दुसऱ्या दिवशी नारायणगावला सगळ्यांदेखत बाई म्हणाल्या, "ठकू, मला तुझ्यावर राग नाही. पण मला परत ही जोखीम झेपणार नाही. पुढच्या वर्षी तू येऊ नको." ठकू म्हणाली, "बरं बाई." तिनं वाद घातला नाही. टपरीवरच्या माणसाला उत्तर देणारी ठकू, आणि फक्त "बरं बाई" म्हणाली. मी तिच्या शेजारी उभी होते, माझ्या कॅरियरला लाल फडकं होतं.

त्यानंतर आम्ही दरवर्षी गेलो. दरवर्षी निघायच्या सकाळी ठकू फाट्याच्या पुढच्या वळणावर येऊन उभी असते. मी शेवटची, म्हणून तिच्यासमोरून सगळ्यांत शेवटी मीच जाते. त्यानंतरच्या पहिल्या वर्षी ती ओरडली होती, "फडकं नीट बांध गं!" नंतर नुसता हात करते. दांडीची सायकल तिनं विकली नाही. अजून घराच्या कुडाला टेकून आहे, हवा भरलेली. मी येता-जाता टायर बघते.

एवढंच असतं, तर कदाचित मी ही वही उघडली नसती. खरं तेच लिहायचं ठरवलं आहे, म्हणून हेही लिहिते.

पण आमच्यात एक शब्द तयार झाला आहे. कुणी न सांगता थांबली, मागं रेंगाळली की बायका म्हणतात, "ए, ठकू करू नको!" पहिल्यांदा कोण म्हणालं ठाऊक नाही. आता सगळ्या म्हणतात. नवीन पोरी आल्या आहेत, त्यांनी ठकूला कधी पाहिलेलंही नाही. त्यांना वाटतं ते कामाचंच नाव आहे, पंक्चरसारखं. बाई नियम सांगताना म्हणतात, "आमच्यात एक होती, न सांगता थांबली. सुमननं अंधारात तिला शोधून आणलं." आणि सगळ्या माझ्याकडं मानानं बघतात. चार वर्षं मी तो मान घेतला आहे. जसं पान वाढलं जावं आणि आपण जेवावं, तसा.

यंदा ठकूची सून आली आहे गटात. मनीषा. सासूनंच पाठवली. सायकल चांगली चालवते, सासूपेक्षा कितीतरी चांगली. गेल्या रविवारी ओझरहून परत येताना ती पुलावर फोटो काढायला थांबली, तर पुढून एक पोरगी ओरडली, "मनीषा, ठकू करू नको!" मनीषा हसली. तिच्या सासूला घरात सगळे आई म्हणतात, बाहेर थोरली म्हणतात, म्हणून मनीषाला काही कळलं नाही. माझ्या शेजारी येऊन म्हणाली, "मावशी, ठकू करनं म्हंजी काय वो?"

मी खाली बघून पायडल मारलं. तिला वाटलं असेल मी नेहमीसारखी लाजले.

उद्या सकाळी आम्ही निघतो आहोत. फाट्यावर, बाईंच्या दुकानासमोर सगळ्या जमतील. यंदा बावीस नाही, तिसाच्या वर आहोत. बाई नियम सांगतील, गोष्ट सांगतील, आणि फडकं माझ्या हातात देतील. मनीषा पुढंच उभी असेल. तेव्हा मी बोलणार आहे. नवऱ्याशी नाही, एकट्या बाईंशी नाही — सगळ्यांसमोर, कारण खोटं मी सगळ्यांसमोर बोलले होते आणि "बरं बाई" ठकूला सगळ्यांसमोर म्हणावं लागलं होतं. माझे पाय लटपटतील. लटपटू देत. भीमाशंकरचा चढ चढताना लटपटतात तेव्हाही मी उतरत नाही.

मग बाई फडकं कुणाला देतात, मला त्या ठेवतात की घरी पाठवतात, ठकू परत येते की नाही, आली तर माझ्याशी बोलते की नाही — ते त्यांचं त्या बघतील.

मी संध्याकाळपासून गोठ्यात म्हशीपुढं उभी राहून म्हणून बघते आहे. लांब बोलणं मला जमायचं नाही. थोडकंच ठरवलं आहे, चार वर्षांपूर्वी डिंभ्याच्या फाट्यावर म्हणायला हवं होतं तेच.

मागं ठकू हाय. तिची चेन पडलीय. मी बघितलं, आणि मी थांबले न्हाई.